दीड तासाचा बिझनेस क्लास: पैसे नेमके कशाचे मोजतो आपण?



आज आपण छोट्या परदेशी उड्डाणांबद्दल बोलणार आहोत. चेन्नई ते कोलंबो, दिल्ली ते काठमांडू, मुंबई ते दुबई, सिंगापूर ते क्वालालंपूर. म्हणजे इमिग्रेशनची रांग लागते, पण विमानात बसून नीट डोळा लागायच्या आत उतरायची घोषणा होते, अशी उड्डाणं. प्रश्न एकच आहे. अशा उड्डाणासाठी बिझनेस क्लासचं तिकीट काढावं का?

हा प्रश्न फक्त श्रीमंतांचा आहे असं समजू नका. आता तो साध्या नोकरदार घरातही येतो. आई-वडिलांना पहिल्यांदा परदेशी न्यायचं असतं, वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात. किंवा तिकीट काढून झाल्यावर चार दिवसांनी फोनवर निरोप येतो की अमुक रुपये भरा आणि पुढच्या खुर्चीत बसा. मग घरात चर्चा सुरू होते. एक म्हणतो, आयुष्यात एकदा तरी बसूया. दुसरा म्हणतो, दीड तासासाठी एवढे पैसे? दोघांचंही बरोबर असू शकतं, पण दोघं ज्या गोष्टीबद्दल बोलत असतात ती आहे खुर्ची. आणि माझं म्हणणं असं आहे की छोट्या उड्डाणावर खुर्ची ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे.

मी चेन्नईत राहतो. कामानिमित्त कोलंबोला जाणं-येणं असतं, दोन्ही वर्गांतून. त्यामुळे उदाहरणं बरीचशी याच मार्गाची देईन, पण हिशेब सगळीकडे तोच लागू होतो.

खुर्ची किती वेळ तुमची असते?

चेन्नई आणि कोलंबो यांच्यात हवाई अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. वेळापत्रकात हे उड्डाण साधारण दीड तासाचं दाखवतात. पण हा दीड तास म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर थांबलं तिथपर्यंतचा वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं, वर चढणं आलं, खाली उतरणं आलं.

आता वजाबाकी करा. विमान जमिनीवर फिरतंय तेव्हा खुर्ची सरळ ठेवायची असते. वर चढतानाही बराच वेळ पट्टा बांधून सरळ बसायचं. उतरण्याच्या आधी पंचवीसेक मिनिटं पुन्हा खुर्ची सरळ, समोरचा ट्रे बंद, लॅपटॉप आत. म्हणजे ज्या वेळात तुम्ही खुर्ची मागे ढकलून पाय पसरू शकता, तो वेळ जेमतेम चाळीस-पन्नास मिनिटांचा. त्यातच जेवण येतं. जेवणाचा ट्रे समोर असताना खुर्ची मागे करून काय करणार? तो उचलून नेईपर्यंत कप्तानाची घोषणा होते की आपण उतरायला सुरुवात केली आहे.

कर्मचाऱ्यांची यात काही चूक नसते. गरम टॉवेल, सरबत, जेवण, चहा, आवरणं हे सगळं त्यांना त्या चाळीस मिनिटांत बसवायचं असतं. आठ-बारा प्रवासी असले तरी घाई होतेच.

दुसरीकडे पूर्ण प्रवासाचा वेळ पाहा. घरातून विमानतळ, विमानतळावर अडीच-तीन तास आधी पोहोचणं, दीड तास उड्डाण, मग इमिग्रेशन, सामान, कस्टम्स, आणि कोलंबोचा विमानतळ कटुनायकेला असल्यामुळे पुढे शहरापर्यंत तीसेक किलोमीटरचा रस्ता. एकूण सात तास धरा. त्यातला दीड तास विमानात, बाकीचे साडेपाच तास जमिनीवर. त्यामुळे बिझनेस क्लासने तुमचा प्रवास सुखाचा केला की नाही, हे त्या साडेपाच तासांतच ठरतं.

नाव एक, वस्तू वेगवेगळ्या

तिकिटावर 'बिझनेस' असं एकच नाव लिहिलेलं असतं, पण त्या नावाखाली निदान तीन-चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. तिकीट काढण्यापूर्वी आपल्याला कुठली मिळणार हे कळायला हवं.

पहिला प्रकार आपल्या भागात सगळ्यात जास्त दिसतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखं, मधे एकच वाट असलेलं विमान. पुढच्या दोन-तीन ओळींत, वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन रुंद खुर्च्या. मधली खुर्ची नाही. पाठ बरीच मागे जाते, पण खुर्ची आडवी होत नाही. जुन्या लक्झरी बसची सुधारलेली खुर्ची म्हणा. कोलंबो आणि काठमांडूच्या मार्गांवर बहुतेक वेळा हेच मिळतं.

दुसरा प्रकार युरोपातला. लंडन ते पॅरिस, फ्रँकफर्ट ते रोम अशा मार्गांवर बिझनेसची खुर्ची म्हणजे इकॉनॉमीचीच खुर्ची असते. तीन-तीनच्या ओळीतली मधली रिकामी ठेवतात आणि मागे एक पडदा ओढतात. पायाला जागा बहुधा तेवढीच. आपल्याकडून युरोपला जाणारे लोक पुढच्या छोट्या टप्प्यात हे पाहून चकित होतात. पण ती फसवणूक नाही, तिथला तो रिवाजच आहे.

तिसरा प्रकार म्हणजे छोट्या विमानात पलंग. सिंगापूर एअरलाइन्सच्या ७३७-८ विमानांत बिझनेसच्या १० खुर्च्या आहेत आणि त्या पूर्ण आडव्या होतात. ही विमानं त्यांच्या प्रादेशिक मार्गांवर उडतात. सिंगापूर-क्वालालंपूर हे अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुण्याच्या दुप्पट. हवेत एक तासही जात नाही. तिथे असं विमान मिळालं तर पलंग मिळाला असं म्हणता येईल, झोप मिळाली असं म्हणता येणार नाही.

चौथा प्रकार, लांब पल्ल्याचं मोठं विमान छोट्या मार्गावर. मुंबई ते दुबई साधारण एकोणीसशे किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. या मार्गावर एमिरेट्स दोन वाटांची मोठी विमानं चालवते. तिथे खुर्चीचा उपयोग होण्याइतका वेळ खरंच असतो. पण तिथेही पाहून घ्या. त्यांच्या जुन्या मांडणीच्या ७७७ विमानांत बिझनेसच्या खुर्च्या दोन-तीन-दोन अशा आहेत, म्हणजे बिझनेसमध्येही मधली खुर्ची नशिबी येऊ शकते.

हे ओळखायचं कसं? तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. खुर्च्यांचा नकाशा उघडा. दोन-दोन दिसतंय, की तीन-तीनमधली मधली बंद आहे, की एक-दोन-एक आहे, हे त्यावरून दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यावर हजारो रुपयांचा निर्णय अवलंबून आहे.

हा वर्ग मुळात आला कुठून?

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पूर्वी विमानात दोनच वर्ग असायचे, फर्स्ट आणि इकॉनॉमी. सत्तरच्या दशकात इकॉनॉमीत सवलतीची तिकिटं वाढली. महिनाभर आधी काढलेलं स्वस्त तिकीट घेतलेला पर्यटक आणि कंपनीच्या कामासाठी आदल्या दिवशी पूर्ण भाडं भरलेला माणूस शेजारी शेजारी बसू लागले. खुर्ची तीच, जेवण तेच, भाडं मात्र कितीतरी जास्त. साहजिकच पूर्ण भाडं भरणारे कुरकुरू लागले. तेव्हा १९७६ च्या सुमारास केएलएम या डच कंपनीने अशा प्रवाशांना इकॉनॉमीतच पुढच्या ओळींत वेगळं बसवायला सुरुवात केली. खुर्ची बदलली नाही, फक्त जागा बदलली. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने बिझनेस क्लास या नावाने वेगळा वर्ग आणला. आणि बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारा पलंग यायला २००० साल उजाडलं, तो ब्रिटिश एअरवेजने आणला.

म्हणजे पाहा, पलंग वीस-पंचवीस वर्षांनी आला. मूळ बिझनेस क्लास म्हणजे एक प्रकारचं तिकीट होतं. आयत्या वेळी मिळणारं, हवं तेव्हा बदलता येणारं, रद्द केलं तर पैसे परत देणारं. लांब पल्ल्याच्या जाहिरातींमुळे आपल्या डोक्यात पलंग आणि चादर बसली. छोट्या उड्डाणावर मात्र बिझनेस क्लास अजूनही मूळ रूपातच आहे.

किंमत अडीच-तीनपट का?

जागेचा हिशेब करू. मागच्या काही काळात एअर इंडियाने जी ए३२० निओ विमानं नव्याने सजवली, त्यांत एकूण १६४ खुर्च्या आहेत. ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ इकॉनॉमी. आता ८ बिझनेस खुर्च्या म्हणजे चार-चारच्या दोन ओळी. एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत ४० इंच धरले तर दोन ओळींना ८० इंच लागले. इकॉनॉमीत हेच अंतर ३० इंचांच्या आसपास असतं आणि एका ओळीत सहा माणसं बसतात. म्हणजे त्या ८० इंचांत इकॉनॉमीचे साधारण १६ प्रवासी बसले असते.

आठजणांनी सोळाजणांची जागा घेतली. तेव्हा दुप्पट भाडं घेतलं तर कंपनीची नुसती बरोबरी होते. त्यावर जेवण, लाउंजचं भाडं, जास्तीचं सामान, आणि काही खुर्च्या रिकाम्या जाण्याचा धोका. मग अडीच-तीनपट भाडं कुठून येतं ते कळतं. युरोपातल्या कंपन्या मधली खुर्ची रिकामी ठेवण्यावर का भागवतात, तेही यातून कळतं. सहाच्या ओळीत चार बसले, म्हणजे दीडपट भाड्यात बरोबरी. शिवाय पडदा पुढे-मागे सरकवता येतो. बिझनेसचे प्रवासी कमी असतील त्या दिवशी तीच ओळ इकॉनॉमीला द्यायची.

आता कराचं पाहू, कारण तिथे बरेच लोक गाफील असतात. भारतातून निघणाऱ्या विमान तिकिटावर जीएसटी लागतो. इकॉनॉमीला ५ टक्के. त्यावरच्या वर्गांना आधी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. समजा इकॉनॉमीचं मूळ भाडं १५ हजार आहे, तर कर ७५० रुपये. बिझनेसचं मूळ भाडं ४५ हजार असेल तर कर ८,१०० रुपये. नुसत्या कराचा फरक सात हजारांवर गेला. ज्याची कंपनी जीएसटीत नोंदलेली आहे आणि प्रवास कामाचा आहे, त्याला हा कर हिशेबात वळता करून घेता येतो. तुमच्या-माझ्या घरच्या सहलीला ती सोय नाही. म्हणून एकाच ओळीत बसलेल्या दोघांना तेच तिकीट वेगळ्या किमतीला पडतं.

जमिनीवर काय मिळतं, आणि काय फुकट मिळू शकतं?

आता त्या साडेपाच तासांकडे वळू. बिझनेसचं तिकीट जमिनीवर काय देतं ते एकेक पाहू.

पहिलं, चेक-इनची वेगळी रांग. याचा फायदा खरा आहे. आखाताकडे किंवा कोलंबोकडे जाणाऱ्या विमानाला इकॉनॉमीची रांग लांब असते, कारण प्रत्येकाकडे दोन-दोन मोठ्या बॅगा असतात, वजन जास्त भरलं की तिथेच उघडून सामान इकडचं तिकडे होतं. बिझनेसच्या खिडकीवर दहा मिनिटांत काम होतं. पण तुमच्याकडे फक्त हातातली बॅग असेल आणि घरूनच वेब चेक-इन केलं असेल, तर बऱ्याचदा ही रांग तुमच्यासाठी तशीही नसते.

दुसरं, सामान. प्रत्येक कंपनीचा आणि प्रत्येक भाड्याचा आकडा वेगळा, पण आपल्या भागात बिझनेसला इकॉनॉमीपेक्षा दहा-पंधरा किलो जास्त मिळणं नेहमीचं आहे. हातातल्या बॅगेला इकॉनॉमीत साधारण ७ किलो, बिझनेसमध्ये १० किंवा जास्त. एक लक्षात ठेवा. तुम्हाला एकूण ४० किलो मिळाले तरी एका बॅगेत ३२ किलोंच्या वर भरता येत नाही. बॅगा उचलणाऱ्या माणसांच्या पाठीसाठी ही मर्यादा बहुतेक सगळीकडे पाळतात. तेव्हा दोन बॅगा करा.

तिसरं, इमिग्रेशन. इथे लोकांची मोठी गैरसमजूत असते. बिझनेसचं तिकीट आहे म्हणजे इमिग्रेशनलाही पुढे नेतील, असं नसतं. काही विमानतळांवर वेगळी वाट असते, काही ठिकाणी नसते, आणि असली तरी पासपोर्ट तपासणारा अधिकारी सरकारचा असतो, विमान कंपनीचा नाही. उलट भारतीय नागरिकांना यासाठी एक सोय विनामूल्य आहे, ती फार थोड्यांना माहीत आहे. केंद्र सरकारची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, म्हणजे विश्वासू प्रवासी योजना. जून २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद इथे आली. एकदा ऑनलाइन अर्ज करायचा, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची, मग इ-गेटमधून जाता येतं. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, यातलं जे आधी संपेल तोवर चालते. जो वर्षातून दोन-तीनदा जातो त्याने ही नोंद आधी करावी आणि मग बिझनेसचा विचार करावा. परदेशातल्या विमानतळावर अर्थातच तिचा उपयोग नाही.

चौथं, लाउंज. विमान पहाटेचं असेल, उशीर होणार असेल, मधे चार तासांचा थांबा असेल, तर लाउंज म्हणजे मोठा आधार. बसायला चांगली खुर्ची, जेवण, चहा, स्वच्छ स्वच्छतागृह. पण लाउंज एकट्याने विकतही मिळतं, काही क्रेडिट कार्डांवर मिळतं. आणि वेळेवर निघणाऱ्या संध्याकाळच्या विमानाला तुम्ही तिथे अर्धा तास बसणार असाल, तर त्याची किंमत अर्ध्या तासाचीच धरा. आणखी एक, हल्ली काही कंपन्यांचं पुढच्या रांगेचं तिकीट रुंद खुर्ची देतं पण लाउंज देत नाही. घेण्याआधी वाचून घ्या.

पाचवं, आधी चढणं आणि आधी उतरणं. आधी चढण्याचं मला फारसं अप्रूप नाही. आधी उतरण्याचा उपयोग मात्र जाणवतो. आपल्या विमानाआधी पाच मिनिटं दुसरं मोठं विमान उतरलेलं असेल तर नाही, पण एरवी इमिग्रेशनच्या रांगेत पहिल्या दहात असणं आणि दीडशेव्या क्रमांकावर असणं यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. बॅगेवर प्रायॉरिटीचा टॅग लागतो, तरी बॅग पट्ट्यावर पहिली येईलच याची खात्री धरू नका. आणि एवढाच फायदा हवा असेल तर इकॉनॉमीतली पुढची, वाटेकडची जागा थोडे जास्त पैसे देऊन घेतली तरी तो बराचसा मिळतो.

तिकिटाच्या अटी

मघाशी म्हटलं, मुळात बिझनेस क्लास म्हणजे बदलता येणारं तिकीट. पण आता बिझनेसमध्येही स्वस्त आणि महाग भाडी असतात. सगळ्यात स्वस्त बिझनेस भाडं बदलायला दंड असतो, रद्द केलं तर बरेच पैसे जातात. समोरासमोर ठेवून वाचा. ज्याची बैठक किती वाजता संपेल याचा भरवसा नाही त्याच्यासाठी तारीख आणि वेळ बदलण्याची सोय हीच खरी वस्तू आहे. मग त्यासाठी इकॉनॉमीचं लवचीक भाडं निम्म्या पैशांत मिळतंय का, हेही पाहावं. बऱ्याचदा मिळतं.

बोली लावून मिळणाऱ्या अपग्रेडचंही असंच आहे. विमान कंपनी विचारते, किती द्याल? तुम्ही आकडा सांगता, जागा उरली तर मिळते. स्वस्तात बसायची ही चांगली वाट आहे. पण अशा वेळी तिकिटाच्या अटी बहुधा जुन्या इकॉनॉमी तिकिटाच्याच राहतात, आणि जास्तीचं सामान, लाउंज, पॉइंट्स मिळतील की नाही हे कंपनीगणिक बदलतं. ते नसेल तर तुम्ही फक्त खुर्चीसाठी बोली लावताय. आणि छोट्या उड्डाणावर खुर्ची किती वेळची, ते आपण मघाशी मोजलं.

पैसे भरले आणि मागे बसवलं तर?

असं होतं. ठरलेलं विमान बिघडतं, दुसरं येतं, त्यात बिझनेसच नसतो. छोट्या मार्गांवर विमानांची अदलाबदल सहज होते, म्हणून हा मुद्दा इथे जास्त महत्त्वाचा.

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, यासाठी फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे. तुमची इच्छा नसताना खालच्या वर्गात बसवलं तर आंतरराष्ट्रीय उड्डाणात करांसह तिकिटाच्या किमतीचा ठरावीक भाग परत द्यावा लागतो. १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १,५०० ते ३,५०० किलोमीटरला ५० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. देशांतर्गत उड्डाणाला सरसकट ७५ टक्के. युरोपातही अंतरानुसार ३०, ५० आणि ७५ असेच टप्पे आहेत.

आता हिशेब करा. चेन्नई-कोलंबो किंवा दिल्ली-काठमांडू, दोन्ही १,५०० किलोमीटरच्या आत. एका बाजूचं बिझनेस तिकीट २५ हजारांचं असेल आणि तुम्ही इकॉनॉमीत बसलात, तर नियमाने परत येणार साडेसात हजार. म्हणजे इकॉनॉमीत बसून तुम्हाला प्रवास पडला साडेसतरा हजारांना, जिथे इकॉनॉमीचं तिकीट कदाचित आठ-नऊ हजारांत मिळत होतं. अंतर जितकं कमी, तितकं संरक्षण कमी. नियमाने एवढं तरी मिळतं, हे माहीत असू द्या. बोर्डिंग पास जपून ठेवा आणि तिथल्या तिथे लेखी मागा.

मग कोणी घ्यावं?

माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, मधुमेह आहे. त्यांना पशुपतिनाथाला जायचं होतं. दिल्ली-काठमांडू आम्ही त्यांच्यासाठी बिझनेसचं तिकीट काढलं. काय उपयोगी पडलं ते सांगतो. मऊ खुर्ची आणि जेवण याबद्दल त्या परत आल्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना उपयोग झाला तो पुढच्या स्वच्छतागृहाचा. आठजणांत एक, चार पावलांवर, रांग नाही. दुसरं, खुर्चीतून उठताना गुडघा वाकवावा लागला नाही, पाय लांब ठेवता आला. काठमांडूला एकच धावपट्टी आहे, उतरायला परवानगी मिळेपर्यंत विमानं आकाशात घिरट्या घालत राहतात. आमचंही विमान असंच फिरत राहिलं. तो वेळ त्यांनी विनातक्रार काढला. इकॉनॉमीत मधल्या खुर्चीत तो निघाला नसता.

आणि काय उपयोगी पडलं नाही? काठमांडूला विमानातून शिडीने उतरून बसमध्ये बसायचं होतं. शिडीच्या पायऱ्या बिझनेसलाही तेवढ्याच. तिथे कामाला आली ती आधीपासून नोंदवलेली व्हीलचेअर आणि माणसाला उचलून खाली आणणारी गाडी. ती मागण्यासाठी बिझनेसचं तिकीट लागत नाही. गरज असलेल्या प्रवाशाला ती कुठल्याही वर्गात मागता येते, फक्त तिकीट काढतानाच किंवा निदान दोन दिवस आधी कळवायची. घरातल्या वयस्कर माणसासाठी आधी ही नोंद करा, मग वाटेकडची पुढची जागा घ्या, आणि त्यानंतरही गरज उरली तर बिझनेसचा विचार करा. हा क्रम उलटा केला तर पैसे जातात आणि शिडी तशीच राहते.

जाता जाता, दिल्लीहून काठमांडूला जाताना हिमालय डाव्या बाजूला दिसतो, येताना उजव्या. तो इकॉनॉमीच्या खिडकीतूनही तेवढाच दिसतो. फक्त पंखावरची जागा घेऊ नका.

दुसरा गट, पुढे लांबचा प्रवास असणारे. चेन्नईहून कोलंबो आणि तिथून मेलबर्न असं एकच तिकीट बिझनेसचं काढलं, तर छोट्या टप्प्याचा वेगळा भाव लागत नाही, तो मोठ्या भाड्यातच येतो. सामान थेट पुढे जातं, मधल्या थांब्यात लाउंज मिळतं. तिथे प्रश्नच नाही.

तिसरा गट, ज्यांना खरोखर जास्त सामान न्यायचं आहे. जादा सामानाचे पैसे आधी काढून पाहा. कधी कधी दोन्ही मिळून भाड्यातला फरक निम्म्यावर येतो.

चौथा गट, ज्यांचा वेळ दुसरं कोणी विकत घेतंय. कंपनी पैसे देते, सकाळी जाऊन रात्री परत यायचं आहे, बैठक लांबली तर पुढचं विमान घ्यायचं आहे. बिझनेस क्लास अशांसाठीच जन्माला आला.

आणि हौस? हौसेला मी नाही म्हणणार नाही. पण हौसच करायची तर ती जिथे पुरेल तिथे करा. दोघांच्या चेन्नई-कोलंबोच्या भाड्यातल्या फरकात कँडी किंवा गॉलला दोन रात्री चांगल्या ठिकाणी राहता येतं. किंवा तेच पैसे साठवून कधीतरी सहा-सात तासांच्या रात्रीच्या उड्डाणात वापरा. तिथे पलंग म्हणजे खरा पलंग असतो.

तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी कागदावर चार ओळी लिहा. खुर्ची मागे करून बसायला किती मिनिटं मिळणार? जमिनीवरच्या किती रांगा खरंच वाचणार आणि त्यातल्या कुठल्या फुकट वाचवता येतात? तारीख बदलायची वेळ येईल का आणि या भाड्यात ती बदलता येते का? आणि चौथी, हा खर्च कोणाच्या कुठल्या त्रासासाठी आहे? चौथ्या ओळीत एखाद्या माणसाचं नाव आणि त्याची अडचण लिहिता आली, तर बेलाशक तिकीट काढा. नुसतं 'एकदा बसून बघू' असं आलं, तर इकॉनॉमीची खिडकी घ्या.

पुढच्या भागात विमानात हरवलेल्या सामानाबद्दल बोलू. तक्रार कुठे करायची, कागद कुठला घ्यायचा आणि पैसे किती मिळतात. तोपर्यंत नमस्कार.